सेकंडहँड सूर

आमच्या हॉस्टेलच्या मेसबाहेर एक नोटीस बोर्ड आहे. त्यावर रेक्टर साहेबांची 'खोलीत हीटर व इस्त्री आढळल्यास...' ही सूचना बारमाही लटकलेली असते. कागद पिवळा पडला, सूचना तीच. तिच्या आजूबाजूला दर मे महिन्यात चिठ्ठ्यांचं पीक येतं. 'कूलर विकणे आहे.' 'ड्राफ्टर विकणे आहे, शीट कंटेनर फ्री.' 'सायकल विकणे आहे, फक्त एक वर्ष वापरलेली' (ते एक वर्ष नक्की कुठल्या शतकातलं, हे सायकल बघितल्यावर कळतं). फायनल इयरची जनता घरी निघालेली असते, सामान न्यायचं नसतं आणि मेसचं बिल थकलेलं असतं. आणि या सगळ्या गर्दीत एक चिठ्ठी हमखास असते : 'म्युझिक सिस्टिम, २००० वॅट, कंडिशन एकदम ओके.'

मित्रांनो, हा लेख त्या चिठ्ठीबद्दल आहे. त्यातल्या '२००० वॅट'बद्दल थोडा आणि 'एकदम ओके'बद्दल जास्त.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पान उलटून पुढच्या कवितांकडे जाता येईल. हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाकडे गाणं ऐकण्यासाठी सहा-सात हजार रुपये असतील, तर त्याने नवीन चकचकीत डबा न घेता जुना अँप्लिफायर आणि जुने स्पीकर घ्यावेत. घेताना डोळे, कान आणि मल्टिमीटर उघडे ठेवावेत. आणि विकताना तोंड उघडावं. हे तिसरं मी स्वतः एकदा केलं नाही. ते पुढे येईलच.

आधी वॅटचं बघू. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये पॉवर इज इक्वल टू व्होल्टेज इनटू करंट हे आपण लिहिलं, त्यावर मार्कही मिळवले. आणि तरीही कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टवर चालणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर '१००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं वाचून आपण खिशात हात घालतो! अरे, साध्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो. गुणाकार केला की अडीच वॅट. उरलेले नऊशे साडेसत्त्याण्णव वॅट काय मेसच्या आमटीतून येणार? पीएमपीओ या आकड्याला कुठलीही ठरलेली व्याख्या नाही, छापणाऱ्याची छाती जेवढी मोठी तेवढा आकडा मोठा. बघायचा तो आरएमएस वॅटचा आकडा, आणि तोही किती ओहमच्या स्पीकरवर, हे सोबत लिहिलेलं असेल तर.

दुसरी गंमत म्हणजे लागतात किती वॅट? साधारण घरगुती स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल. आपल्या खोलीत पलंगावरून स्पीकर दोन मीटर लांब. सहा डेसिबल कमी धरा, भिंतींनी काही परत दिले. एका वॅटमध्ये ८० च्या वर आवाज! शेजारच्या रूममधला केटीवाला दार ठोकायला येतो तो एवढ्यावरच. आणि वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल. आवाज 'दुप्पट झाला' असं कानाला वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. १९७८ साली आलेला नॅड ३०२० हा अँप्लिफायर कागदावर चॅनेलला फक्त २० वॅटचा होता आणि जगभर लोक अजून त्याचं नाव काढतात. तेव्हा वॅटच्या मागे धावणं सोडा. विसर्जन मिरवणूक आपल्याला खोलीत काढायची नाहीये.

आता तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशाला? दीड-दोन हजारांत ब्लूटूथचा डबा येतो, त्याहून कमी पैशात इयरबड्स येतात. खरं आहे. इयरबड्सच्या आवाजाला मी नावं ठेवणार नाही, त्या पैशात त्या तोडीचा आवाज कुठला स्पीकर देणार नाही. पण एक बघा. आमच्या मजल्यावर रात्री अकरा वाजता चार जण एका खोलीत बसलेले असतात, चौघांच्या कानात चार वेगळी गाणी असतात आणि कुणी काही बोललं की 'हां? काय?' म्हणत चौघे एकेक बड काढतात. गाणं एकत्र ऐकणं, एखाद्या तानेला एकदम चौघांनी माना हलवणं, आणि 'हे काय लावलंय, बंद कर' म्हणून भांडणं, हे सगळं गेलं. ब्लूटूथ डब्यात ते थोडं परत येतं, पण त्यात डावा आणि उजवा स्पीकर एका वितीच्या अंतरावर कोंबलेले. तबला डावीकडे, पेटी उजवीकडे आणि गाणारा मध्ये, असं चित्र उभं राहायला दोन स्पीकर दीड-दोन मीटर लांब ठेवावेच लागतात. त्याला काही इलाज नाही. शिवाय डब्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि डबा असा चिकटवलेला असतो की उघडायला हातोडी लागावी.

याउलट जुना अँप्लिफायर उघडा. चार स्क्रू. आत एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, दोन जाडजूड कपॅसिटर, हीट सिंकवर आउटपुट ट्रान्झिस्टर. आपण जर्नलमध्ये जी आकृती मागच्या बॅचची बघून काढली ती इथे प्रत्यक्ष पहुडलेली असते! ऐंशीच्या दशकात साध्या स्टिरिओ अँप्लिफायरचं शास्त्र पक्कं झालेलं होतं आणि माणसाचे कान तेव्हापासून बदललेले नाहीत. सीडी १९८२ मध्ये आली, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट घेऊन, आणि आज मोबाइलवरची अ‍ॅप्स 'लॉसलेस' म्हणून जे मिरवतात त्याची सुरुवात याच आकड्यांपासून होते. जुन्या वस्तूत नसतं ते फक्त ब्लूटूथ आणि निळे लाइट. मोबाइल जोडायला काही शेकड्यांत यूएसबी-सीचा डॉन्गल आणि एक ३.५ एमएम ते आरसीए केबल मिळते. ती ऑक्स किंवा सीडी लिहिलेल्या भोकात घालायची. 'फोनो' लिहिलंय तिथे घालू नका रे बाबांनो. फोनो म्हणजे फोन नव्हे! ती जागा रेकॉर्ड प्लेयरच्या दोन-तीन मिलिव्होल्टसाठी असते, मोबाइल तिथे जोडला की नुसता भेसूर आवाज येतो. आमच्या विंगमध्ये हे दोघांनी केलंय, नावं सांगत नाही.

इथपर्यंतचं सगळं मला २०२३ च्या पावसाळ्यातही माहीत होतं. म्हणजे मी शहाणाच होतो. आता पुढचं ऐका.

आमच्या घरी बाबांचे दोन स्पीकर होते. माझे काका मस्कतला फिटर होते, त्यांनी १९८९ साली सुट्टीवर येताना बाबांसाठी आणलेले. जपानी, लाकडी खोक्यातले, टू-वे. बाहेरची वस्तू तेव्हा इथे सहज मिळत नव्हती, मिळाली तरी ड्यूटीमुळे परवडत नव्हती, त्यामुळे गावात त्या स्पीकरांचा थाट लग्नातल्या जावयासारखा. काकांनी आणलेला टेप डेक केव्हाच गेला, अँप्लिफायरही गेला, पण स्पीकर बाबांनी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. सेकंड इयरला चांगले मार्क पडले तेव्हा बाबा स्वतः शिडीवर चढले आणि म्हणाले, "ने. पण जपून. कुमारांची निर्गुणी भजनं मी यावर पहिल्यांदा नीट ऐकली."

मग मी अँप्लिफायर शोधायला लागलो. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जुन्या वस्तूंचा दुकानदार सापडला. त्याच्याकडे एक जपानी इंटिग्रेटेड अँप्लिफायर होता, चॅनेलला ४० वॅट, पुढे ब्रश केलेलं अ‍ॅल्युमिनियम, जड नॉब... मी बघताक्षणी विरघळलो. त्याने पाच मिनिटं गाणं लावून दाखवलं. "एकदम ओके पीस आहे." तीन हजार दोनशे मोजले, रिक्षात मांडीवर घेऊन आलो.

पहिल्या रात्री खोलीत नऊ जण जमले. वीसेक मिनिटं स्वर्ग होता. मग डाव्या स्पीकरमधून 'ढप्' असा आवाज आला, कोन पुढे येऊन तिथेच अडकला आणि जाळीमागून धुराची एक बारीक रेघ वर आली. मी प्लग ओढेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी बेसिक इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधल्या मामांकडे अँप्लिफायर घेऊन गेलो. (सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं, त्यामुळे इथेही मामाच.) त्यांनी झाकण काढलं, चष्मा वर केला आणि काही न बोलता स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एका जागी बोट दाखवल्यासारखं केलं. स्पीकरच्या संरक्षणासाठी त्यात एक रिले असतो. सुरू केल्यावर दोन-चार सेकंदांनी आउटपुटवर डीसी नाही याची खात्री करून तो 'टक्' असा बसतो आणि मगच स्पीकर जोडला जातो. कधीतरी तो रिले बिघडला होता आणि कुणीतरी नवीन टाकायचा सोडून त्याच्या पायांवर सरळ एक वायर डाग मारून जोडून टाकली होती! आउटपुट ट्रान्झिस्टरही नकली, नंबर मूळचा छापलेला पण आतला माल भलताच. तो गरम होऊन शॉर्ट झाला आणि सप्लायचे ३५ व्होल्ट डीसी थेट बाबांच्या स्पीकरमध्ये गेले. कॉइलचा रेझिस्टन्स ६ ओहम धरा. ३५ चा वर्ग भागिले ६, म्हणजे दोनशे वॅटच्या वर नुसती उष्णता, केसाएवढ्या तारेत.

"तू विकत घेताना मीटर लावलास?" मामांनी विचारलं.

"नाही."

"टक् ऐकलंस?"

"नाही."

"मग काय बघितलंस रे?"

मी नॉब बघितला होता.

म्हणून आता सांगतो. मुकाट्याने एक मल्टिमीटर घेऊन जा, लाजू नका. आमच्या लॅबमध्ये सेमिस्टरभर त्याच्याशी खेळून बाजारात मात्र आपण भाजी घेतल्यासारखं वरवर चाचपून येतो. अँप्लिफायर स्पीकर न जोडता सुरू करायचा, व्होल्यूम शून्यावर, मीटर डीसी मिलिव्होल्टवर आणि स्पीकरच्या टर्मिनलवर टोकं. दहा-वीस मिलिव्होल्ट दिसले तर उत्तम, पन्नासपर्यंत चालतं, शंभरच्या पुढे असेल तर तो पीस दुरुस्तीचा खर्च धरूनच घ्यायचा, आणि व्होल्टमध्ये आकडा आला तर नमस्कार करून निघायचं. ज्यात रिले आहे त्यात सुरू केल्यावर थांबून 'टक्' ऐकायचं. टक् न होताच आवाज आला तर कुणीतरी आत हात मारलाय. मग किमान अर्धा तास वाजवायचा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे, त्याला चहा पाजा. अर्ध्या तासाने वरच्या जाळीवर दोन्ही बाजूंना हात ठेवून बघा, एक बाजू कोमट आणि दुसरी चटका देणारी असेल तर गडबड आहे. गाणं बंद करून नुसता 'हुंऽऽ' ऐका. पन्नास हर्ट्झच्या मेन्सचा रेक्टिफायरनंतर शंभर हर्ट्झ होतो, फिल्टरचे कपॅसिटर सुकले की तो ऐकू येतो. पंधरा-वीस वर्षं गरम डब्यात राहिलेला इलेक्ट्रोलिटिक सुकणारच, तो त्याचा दोष नाही, वय आहे. बदलता येतो. व्होल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले की बहुतेक वेळा जाते. त्यावर भाव मात्र जरूर पाडा.

आणि घरी आणल्यावर पहिल्यांदा सुरू करताना सिरीज लॅम्प वापरा. वायरमन लोकांकडे असतो तो बोर्ड, शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब अँप्लिफायरच्या सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने तुमचा अँप्लिफायर वाचवलाय. एलईडी लावून हे होत नाही, आधीच सांगतो, कारण आमच्या रूम पार्टनरने ते करून बघितलंय.

स्पीकरचं बघणं यापेक्षा सोपं आणि जास्त महत्त्वाचं. बजेटमधला मोठा वाटा स्पीकरवरच घाला, कारण दोन बऱ्या अँप्लिफायरमधला फरक सांगायला कान लावून बसावं लागतं, दोन स्पीकरमधला फरक मेसच्या काकूसुद्धा दारातून सांगतील. वूफरच्या कोनाला कडेने जो मऊ पट्टा असतो तो रबराचा आहे की फोमचा ते बघा. रबर टिकतं. फोम आपल्या दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत पापडासारखा होतो, बोट लावलं की भुगा. पट्टा बदलून मिळतो, पण ते पैसे किमतीतून वजा झाले पाहिजेत. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अलगद आत दाबायचा. खरखर घासल्यासारखं लागलं तर कॉइल वाकडी आहे किंवा जळून फुगली आहे. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, त्याने दचकू नका, तो डीसी रेझिस्टन्स आहे, इम्पीडन्स नव्हे. ट्वीटर मात्र मीटरने कळत नाही, क्रॉसओव्हरचा कपॅसिटर आडवा येतो. त्याच्याजवळ कान नेऊन ऐकायचं, दोन्ही बाजूंना. मीटर नसेल तर पेन्सिल सेल टर्मिनलला क्षणभर टेकवा. 'टप्' झालं आणि कोन हलला तर वूफर जिवंत आहे. खोक्याचा तळ बघा, पावसाळ्यात जमिनीवर राहिलेला पार्टिकल बोर्ड पावासारखा फुगतो. आणि हो, मागच्या पोर्टमध्ये टॉर्च मारा. झुरळांना बास आवडतो.

परदेशातून आलेल्या वस्तूच्या पाठीवर व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानच्या घरगुती बाजारातला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा, आपलं २३० त्यात घातलं की एकच वास येतो. काहींच्या मागे सिलेक्टर असतो, तो फिरवायचा. नसेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही! ६० हर्ट्झची सिंक्रोनस मोटर असलेला रेकॉर्ड प्लेयर आपल्या ५० वर सहा पावलांच्या जागी पाचच टाकतो. ३३ ऐवजी साधारण २८ फेरे, आणि काळी एकमध्ये गाणारा माणूस थेट काळी पाचमध्ये उतरतो. एका सिनिअरने असा प्लेयर आणला होता, बिचारा आठवडाभर 'काय खर्ज लागलाय!' म्हणून डोलत होता.

काही गोष्टी मी मुळीच घेणार नाही. कॅसेट डेक, कारण बेल्ट, हेड आणि रबरी चाकं यांचा संसार आपल्याला झेपत नाही. जुना पाच-सात स्पीकरवाला होम थिएटर रिसीव्हर, कारण त्यात बिघडायला जागा फार आणि आपल्याला ऐकायला कान दोनच. तीन सीडी फिरवणारा चेंजर तर नाहीच. साधा सीडी प्लेयर चालेल, पण घरी लिहिलेली सीडी घालून बघा. लेझर म्हातारा झाला असेल तर कंपनीची सीडी वाचतो आणि लिहिलेलीवर अडखळतो.

कुठे जायचं? मुंबईकरांना चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड मी सांगायला नको. पुण्यात जुना बाजार आहे, पार्टसाठी तापकीर गल्ली आहे. पण माझा अनुभव असा की खरा माल घरांमध्ये असतो. कुणाचे तरी आजोबा गेले, फ्लॅट लहान आहे, सुनेला धूळ पुसायचा कंटाळा आलाय. ओळखीत शब्द टाकून ठेवा.

आता ते राहिलेलं. बाबांच्या डाव्या वूफरची कॉइल मी एका कोन बदलणाऱ्याकडून भरून घेतली. मूळ कोन तसाच, कॉइल इथली. वाजायला लागला, पण उजव्यासारखा नाही. अँप्लिफायरमध्ये मामांच्या देखरेखीखाली खरे ट्रान्झिस्टर टाकले. रिले काही त्या दिवशी मिळाला नाही, म्हणून ती वायर तशीच ठेवली. 'नंतर बघू'. दिवाळीला स्पीकर घरी नेले आणि बाबांना काही बोललो नाही. शेजारून मागून आणलेल्या अँप्लिफायरवर त्यांनी कुमारांची सीडी लावली, डोळे मिटले आणि एका भजनाच्या मध्येच मान तिरकी करून म्हणाले, "डावा जरा दबतोय का रे?"

मी म्हणालो, "खोलीमुळे असेल."

तिसऱ्या दिवशी सांगितलं. ते ओरडले नाहीत. "काकाला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

आणि एवढं होऊनही, पुढच्या फेब्रुवारीत काय केलं मी? तो अँप्लिफायर विकायला काढला. फर्स्ट इयरचा एक पोरगा आला, परभणीचा, खिशात मेसचे उरलेले आणि गावाहून मागवलेले मिळून अडीच हजार. त्याने नॉब बघितला. विरघळला. "सर, ठीक आहे ना?" (हे पोरं आपल्याला सर का म्हणतात कळत नाही.) आणि माझ्या तोंडून आलं, "एकदम ओके."

हा शनिवार होता. रविवारी मी त्याच पैशात भर घालून सदाशिव पेठेत एका निवृत्त काकांकडे त्यांचा जुना सोनोडाइन बघायला गेलो. कोलकात्याची कंपनी, आपल्याकडच्या हाय-फायवाल्यांत जुनं नाव. काकांनी आधी पाणी दिलं आणि मग एक कागद. बारीक अक्षरात, तारखांसकट. डावीकडचा व्होल्यूम पावसाळ्यात खरखरतो. बासचा नॉब मूळचा नाही, रेडिओचा बसवला आहे. मोठे कपॅसिटर २०११ साली बदलले. दुसऱ्या इनपुटचं एक भोक सैल आहे, वापरू नये. "चार हजार म्हणतोय, पण हे सगळं वाचून तुला कमी वाटत असतील तर सांग," काका म्हणाले.

मी भाव केला नाही. डबा उचलून जिना उतरलो आणि कागद खिशात टोचत राहिला.

त्या रात्री वरच्या मजल्यावरून गाणं ऐकू येत होतं. परभणीकराचं. त्याने स्पीकर कुणाचे आणले होते ते मला माहीत नव्हतं. रूम पार्टनरचे असतील, घरचे असतील, कुणाच्या तरी काकांनी कुठून तरी आणलेले असतील. प्रत्येक गाणं संपलं की मी 'ढप्'ची वाट बघत होतो. साडेबारा वाजता वर गेलो आणि दार ठोकलं. त्याला वाटलं आवाजाची तक्रार आहे, तो घाईघाईने सॉरी सर, सॉरी सर म्हणत व्होल्यूम कमी करायला धावला.

"बंद कर," मी म्हणालो. "आणि झाकण काढ. तुला एक वायर दाखवायचीये."

सोमवारी दोन लेक्चर बुडवून रिले आणला, चोवीस व्होल्टचा. ऐंशी रुपयांच्या आत. मामांनी डाग मारायला त्यालाच बसवलं, मला नाही. पाचशे रुपये मी त्याला परत केले. तो काही फार बोलला नाही आणि तेव्हापासून मला सर म्हणत नाही, नावाने हाक मारतो.

परवा, म्हणजे हा लेख संपादकांच्या तगाद्यामुळे लिहायला बसलो त्याच्या आदल्या दिवशी, मेसच्या बोर्डावर या मोसमातली पहिली चिठ्ठी लागलेली दिसली. अक्षर त्याचंच.

'अँप्लिफायर विकणे आहे. जपानी, ४० वॅट आरएमएस. आउटपुट ट्रान्झिस्टर एकदा जळून बदललेले. रिले नवीन, मी स्वतः बसवला. उजव्या चॅनेलला २८ मिलिव्होल्ट डीसी, डाव्याला १४. मागे एक स्क्रू कमी आहे. किंमत २,२००. येताना मीटर आणावा, नसेल तर माझा आहे. रूम नं. ३१४.'

खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'टक् होतं का?' आणि त्याखाली त्याचं उत्तर : 'तीन सेकंदांनी.'